३ मिमीचा वेटसूट: सात महिने, एक्केचाळीस डाइव्ह आणि त्याआधीची एक चूक

आधी चूक सांगते, कारण आत्ताचा सूट मला का आवडतो ते त्याशिवाय कळणार नाही.

माझा पहिला वेटसूट, म्हणजे स्कूबा डायव्हिंग करताना अंगात घालायचा घट्ट रबरी सूट, ५ मिमी जाडीचा होता. डाइव्ह सगळ्या २७ ते २९ अंशांच्या पाण्यातच करायच्या होत्या. तरी मला थंडी फार वाजते म्हणून जाड घेतलेला बरा, असा साधा हिशेब केला. त्यात तो पुरुषांच्या कटचा होता आणि एक माप मोठा. नेमक्या मापाचा चढवताना नाकी नऊ आले होते, हा मात्र सरसर चढला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

२८ अंशांच्या पाण्यात पस्तिसाव्या मिनिटाला मी कुडकुडायला लागले. माझी बडी, म्हणजे डाइव्हमधली जोडीदार, ३ मिमीत निवांत मासे बघत होती आणि मी ५ मिमीत हातांची घडी घालून तरंगत होते. मान वळवली की गळ्यातून गार पाण्याची बारीक धार आत शिरायची, कण्यावरून खाली उतरायची आणि कंबरेच्या खोलगट जागेत साचायची. ते पाणी जरा कोमट होतंय तोवर मी पुन्हा मान वळवलेली असायची. पाय मारला की तेच पाणी घोट्यांतून बाहेर. थोडक्यात, पन्नास मिनिटं मी अंगाच्या उबेने समुद्र तापवत होते.

२८ अंशांत कसली थंडी, असं किनाऱ्यावर बसून वाटतं. पण पाणी अंगातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. शरीर ३७ अंशांवर, पाणी २८ वर, आणि डाइव्हमध्ये आपण पोहणाऱ्यासारखे हातपाय मारत नाही, संथ तरंगत असतो. पहिली वीस मिनिटं काहीच जाणवत नाही. मग बोटं गार पडतात, मग टाकीतली हवा नेहमीपेक्षा लवकर संपायला लागते, आणि हुडहुडी भरते ती सगळ्यात शेवटी.

दुसरा सूट घेण्याआधी मी थोडं वाचलं आणि एक गैरसमज गेला. वेटसूटच्या आत शिरलेलं पाणी अंगाने तापतं आणि तेच आपल्याला ऊब देतं, असं मला पहिल्या दिवसापासून सांगितलं गेलं होतं. ऊब राखतात ते खरं तर निओप्रीनमधले, म्हणजे सूटच्या फोमसारख्या रबरातले, वायूचे बारीक बंद बुडबुडे. आतलं पाणी आपण चालवून घेतो, एवढंच. ते जितकं पातळ आणि जितकं जागच्या जागी राहील तितकं चांगलं. अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नेमकं हेच हेरलं होतं: सूटच्या कापडातच हवा कोंडलेली असेल तर अंग कोरडं राहण्याची गरजच नाही. पण आत पाण्याची ये-जा चालू असेल तर ३ काय आणि ५ काय.

म्हणून या खेपेला जाडी बाजूला ठेवली आणि मापाच्या मागे लागले. आत्ताचा सूट ३ मिमीचा, पूर्ण हातापायांचा, बायकांच्या कटचा, पाठीवर झिप असलेला. घालून बघितला तेव्हा आधी दोन्ही हात वर करून काखेत हात घातला. तिथे कापड सुटं राहिलं तर पाण्यात तिथेच पिशवी होते. मग उकिडवी बसले. जांघेत ताणलं नाही, गुडघ्यामागे चोळामोळा झाला नाही. मग भिंतीला पाठ न टेकता उभी राहून कंबरेमागे चिमूट धरून पाहिली. पुरुषांच्या कटमध्ये तिथे माझी अख्खी मूठ मावायची, इथे जेमतेम चिमूट आली. जमिनीवर सूट थोडा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, पाण्यात तो सैलावतो. खोल श्वास मात्र अडता कामा नये. गळ्याचंही तसंच. सैल गळ्यातून पाणी येतं हे खरं, पण फार आवळणारा गळा त्याहून वाईट, मानेच्या धमनीवर दाब पडून गरगरू शकतं. एका मापाच्या सूटमध्ये मला दोन मिनिटांत डोकं जड वाटायला लागलं, तो तिथेच उतरवला.

आता पाण्यातलं सांगते. पहिल्याच डाइव्हमध्ये उतरताना पाणी आत शिरलं, पाठीवर एकदा काटा आला, आणि मग काहीच नाही. पन्नास मिनिटांनी वर आले तेव्हा आतलं पाणी कोमट होतं. मान कितीही वळवली तरी ती धार नाही. जाडी २ मिमीने कमी आणि ऊब जास्त, हे स्वतःच्या अंगावर अनुभवल्याशिवाय मला पटलं नसतं.

खोलीवर मात्र कुठलाही निओप्रीन दगा देतो. १० मीटरवर दाब दुप्पट, २० वर तिप्पट. बुडबुडे दबतात, कापड पातळ होतं, ऊब घटते. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वेट बेल्टकडे, म्हणजे बुडता यावं म्हणून बांधलेल्या शिशाच्या वजनांच्या पट्ट्याकडे, बघा. वर घट्ट आवळलेला पट्टा २० मीटरच्या पुढे माझ्या कमरेवरून घसरायला लागतो, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटरही गोल फिरतो. आता खाली पोहोचले की पट्टा एकदा ओढून घेण्याची सवय लागली आहे. वर येताना तोच पोटाला आवळतो, तेव्हा सैल करायचा.

वजनाचा फायदा मी धरलाच नव्हता. जुन्या सूटला ८ किलो शिसं लागायचं, याला ५ पुरतं. तीन किलो कमी म्हणजे कमरेला तर आराम आहेच, शिवाय बीसीडीत (तरंगणं सांभाळायला हवा भरायच्या जाकिटात) हवा कमी भरावी लागते आणि तरंगणं ताब्यात राहतं. पण सूट बदलला की वजन पुन्हा तपासावंच लागतं, आणि तेही डाइव्हच्या शेवटी, टाकीत जेमतेम ५० बार दाबाची हवा उरलेली असताना. भरलेल्या ११ लिटरच्या टाकीतून तोवर जवळपास २ किलो हवा वापरून झालेली असते, शिवाय वर आल्यावर सूटही पुन्हा फुगलेला असतो. मी हे भरल्या टाकीवर तपासलं होतं. परिणाम असा की टाकी हलकी झाल्यावर वजन कमी पडलं आणि ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या थांब्याला, तीन मिनिटं एका खडकाला धरून उलटी लटकले होते. बडीकडे त्याचा फोटो आहे.

शॉर्टीबद्दल, म्हणजे आखूड हातापायांच्या सूटबद्दल, फार लिहीत नाही. पाणी २९ च्या वर आणि दिवसाला एकच डाइव्ह असेल तर चालेल. पण नडगी आणि कोपर उघडे राहतात, आणि जेलीफिशचा एक तंतू पुरतो. नुसता लायक्राचा सूट ऊन आणि ओरखडे अडवतो, ऊब मात्र जवळपास शून्य.

थंडी ३ मिमीतही वाजते, तिसऱ्या डाइव्हला. पहिल्या दोन डाइव्हमध्ये गेलेली उष्णता भरून निघालेली नसते. त्यातली काही पाण्यात नाही, बोटीवर जाते, हे मला चौथ्या महिन्यात उमगलं. ओला सूट आणि वारा एकत्र आले की बाष्पीभवनाने अंग गारठतं. आता वर आले की सूट कमरेपर्यंत उतरवते, अंग पुसते आणि वारा अडवणारं जॅकेट चढवते. दिवसाला तीन डाइव्ह असतील तर सूटखाली टोपीवाली पातळ बंडी घालते. सूट बदलण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सोपा. फक्त तिच्यासाठी अर्धा-एक किलो शिसं वाढवावं लागतं.

आता तक्रारी. गळ्याच्या मागची कडा पहिल्या आठवड्यात सोलवटून काढायची, आतून पातळ रॅशगार्ड (अंगाला चिकटून बसणारा सदरा) घातल्यावर थांबली. शिवण फ्लॅटलॉक आहे, म्हणजे सुई कापडाच्या आरपार गेलेली आणि प्रत्येक भोकातून थोडं पाणी येणार. या तापमानाला ते चालून जातं, पण सहाव्या महिन्यात डाव्या गुडघ्याच्या आत दोऱ्याचा एक टाका सुटला, तो मी वेळीच चिकटवून घेतला. पाठीमागची झिप एकटीने ओढता येते, मात्र तिची दोरी आत अडकली की हात मागे नेऊन आंधळी कोशिंबीर खेळावी लागते. घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पोटरी सहज सरकते, ही युक्ती उशिरा कळली. तोवर नखांनी मांडीवर दोन चंद्रकोरी उमटवून झाल्या होत्या. आणि सूट बारीक तारेच्या हँगरवर टांगला, हीही माझीच कर्तबगारी. खांद्यावर पडलेली घडी अजून गेलेली नाही, तिथे निओप्रीन चेपून पातळ झालंय. आता रुंद हँगर, सावली, आधी आतली बाजू बाहेर. मशीन नाही, गरम पाणी नाही.

आणि हो, पाण्यात बुडालं की शरीर लघवी जास्त तयार करतं, त्यात गारवा भर घालतो. वेटसूटमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. फक्त त्याच दिवशी गोड्या पाण्याने आतून खळखळून धुवा. एकदा आळस करून मी सूट बॅगेतच राहू दिला, तो वास जायला तीन धुण्या लागल्या.

जुना ५ मिमीचा सूट मावसभावाला दिला. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आणि अंगाने भरलेला आहे, त्याला सूट अंगाला चोपून बसतो. मागच्या महिन्यात त्याच २८ अंशांच्या पाण्यातून आम्ही एकत्र वर आलो. बोटीवर चढता चढता झिप ओढायला पाठ माझ्याकडे करून म्हणाला, "काढ गं लवकर, उकडलं यात."