सर्सी : मृत्युंजय वाचून वाढलेल्यांनी ही ग्रीक चेटकीण वाचावी का?

मॅडलिन मिलरची 'सर्सी' ही कादंबरी २०१८ ची, म्हणजे नवीन वगैरे अजिबात नाही, पण पुराणकथांवरच्या फॅन्टसीचा विषय निघाला की कोणीतरी तिचं नाव घेतंच, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, की आपण मृत्युंजय, ययाति, युगंधर वाचलेली माणसं, आपल्याला ही ग्रीक भानगड झेपेल का आणि मुख्य म्हणजे आवडेल का. माझं उत्तर हो आहे, पण सरसकट नाही, म्हणून जरा लांबण लावतेय. स्पॉयलर भरपूर आहेत. तसंही तीन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीला स्पॉयलर कसला, पण शेवट मिलरने स्वतःचा केलाय, त्यामुळे तिथे आल्यावर परत एकदा सांगेन.

गोष्ट थोडक्यात अशी. सर्सी ही सूर्यदेव हेलिओसची मुलगी. आई पर्सी, जलदेवता, दिसायला सुंदर आणि स्वभावाने महाकपटी. भावंडं तेजस्वी, ही मात्र घरातली नावडती, आवाजही देवांसारखा नाही, माणसांसारखा पातळ, त्यावरून सगळे टोमणे मारतात. एका कोळ्याच्या प्रेमात पडते, ग्लॉकस त्याचं नाव, वनस्पतींच्या जोरावर त्याला देव करते, तो देव झाल्या झाल्या दुसऱ्याच सुंदर अप्सरेच्या मागे लागतो, तिचं नाव सिला. मग सर्सी जळफळाटात सिलाच्या अंघोळीच्या पाण्यात विष कालवते आणि सिलाची होते सहा तोंडांची राक्षसीण. शिक्षा म्हणून सर्सीला आयाया नावाच्या बेटावर कायमचं हद्दपार करतात. पुढची सगळी कादंबरी त्या बेटावर, आणि तिथे कोण कोण येऊन जातं त्याची.

होमरच्या ओडिसीत, म्हणजे ऑडिसियस नावाच्या योद्ध्याच्या ट्रॉयच्या युद्धानंतर घरी परतण्याच्या ग्रीक महाकाव्यात, या बाईला किती जागा आहे? दहाव्या सर्गात मुख्य प्रसंग, बाराव्यात थोडं, बास. ऑडिसियसच्या माणसांना ती डुकरं करते, देवांचा दूत हर्मीस ऑडिसियसला मोली नावाची काळ्या मुळाची पांढऱ्या फुलाची वनस्पती देतो, त्यामुळे जादू चालत नाही, तो तलवार उपसतो, ती गुडघे धरते, मग शय्या, मग वर्षभर मुक्काम. एवढ्याशा भांडवलावर मिलरने सत्तावीस प्रकरणं उभी केलीयेत. खांडेकरांनी १९५९ मध्ये ययातिच्या छोट्या उपाख्यानाचं जे केलं तोच प्रकार, फक्त खांडेकरांनी ययाति, देवयानी, शर्मिष्ठा अशा तिघांना बोलायला लावलं आणि इथे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकटी सर्सीच बोलते.

पण मिलर हवेतून काढत नाही काही. बाई शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवायची, ते वाचताना कळतं. सिलाला राक्षसीण करण्याचा प्रसंग रोमन कवी ओव्हिडच्या मेटामॉर्फसिसमधला. जेसन आणि मीडिया हे जोडपं मीडियाच्या भावाच्या खुनाचं पाप धुवायला सर्सीकडे येतं तो आर्गोनॉटिका या ग्रीक महाकाव्यामधला. मिनोटॉर हा तिच्या बहिणीचा, पासिफाईचा मुलगा, म्हणजे ही त्याची सख्खी मावशी, हे नातं जुन्या वंशावळीत होतंच, मिलरने त्याला धरून सर्सीला थेट क्रीटला बाळंतपणाला नेलंय. तो भाग पुस्तकातला सगळ्यात भारी. बैलाच्या तोंडाचं पोर जन्मताना मावशी सुईण, बहीण शिव्या घालतेय, आणि शेजारी डीडॅलस उभा, जगातला सर्वात हुशार कारागीर, ज्याला माहितीये की हे पोर जन्माला आलं त्यात आपल्या कारागिरीचा हात आहे. डीडॅलस जेमतेम दोन-तीन प्रकरणं आहे पण तो गेल्यावर पुस्तकात पोकळी जाणवते. जाताना तो तिला एक माग देतो आणि ती पुढे जन्मभर त्यावर विणत बसते. बरं, हा माग पण ओडिसीतलाच, तिथेही सर्सी मागावर बसून गात असते, मिलरने फक्त तो कुठून आला याची गोष्ट रचली. अशा जागा सापडल्या की मला जाम मजा येते.

आता माझा मुख्य मुद्दा. हल्ली आपल्याकडे पुराणावर लिहायचं म्हटलं की पहिल्यांदा चमत्कार साफ करायचे अशी रीत पडलीये. विमान म्हणजे टेक्नॉलॉजी, अस्त्र म्हणजे केमिकल, राक्षस म्हणजे दुसरी टोळी. हे फार ताकदीने केलेलंही वाचलंय मी, भैरप्पांचं महाभारतावरचं पर्व, मूळ कन्नड १९७९ चं, उमा कुलकर्णींच्या मराठीतलं, त्यात एकही चमत्कार नाही आणि तरी माणूस हादरतो. पण पर्व सगळ्यांना जमत नाही ना. बाकीच्यांचं चमत्कार काढल्यावर उरतं काय तर कॉलेजकट्ट्यावरचे डायलॉग मारणारे योद्धे आणि 'तुम्हाला माहीत होतं का' छापाचं विज्ञान. मिलर उलटं करते. तिच्याकडे सूर्य खरंच रथातून जातो, राक्षसीण खरंच सहा तोंडांची आहे, देव खरंच मरत नाहीत, एकाही गोष्टीला ती लॉजिक चिकटवत नाही. आणि तरी सगळं पटतं, कारण चमत्कार आहे म्हटल्यावर त्याचे परिणाम कोण भोगणार हे ती सोडत नाही. मरण नाही म्हणजे काय? म्हणजे शेकडो वर्षं त्याच दरबारात तीच कुचकी नातेवाईक मंडळी, कुणाला काही शिकायची गरज नाही कारण कुणाचं काही बिघडतच नाही. हेलिओसचा दरबार वाचताना लग्नकार्यात कोपऱ्यात बसून पाहुण्यांची मापं काढणाऱ्या आत्या-काकूंचा घोळका आठवला, फक्त यांना घरी जायची वेळ कधी येतच नाही.

जादूचंही तसंच. कांडी फिरवली आणि झालं असं काही नाही. ती डोंगरात फिरते, मुळ्या खणते, धुते, सुकवते, कुटते, कुठली पानं कधी तोडायची ते चुकत चुकत शिकते, अर्धे काढे फुकट जातात. देव तिला घाबरतात ते याच कारणाने, त्यांना सगळं आयतं मिळालेलं, आणि कष्ट करून काहीतरी मिळवणारी ही पहिलीच. हा बेटावरचा सुरुवातीचा भाग काही लोकांना संथ वाटतो, मला तर तो अजून लांब चालला असता.

आणि दुसरं म्हणजे वकीलपत्र. आपल्या पौराणिक कादंबऱ्यांची ही जुनी खोड, एक पात्र निवडायचं आणि त्याची केस लढवायची. मृत्युंजय माझं लाडकं पुस्तक आहे, १९६७ पासून मराठी घराघरात आहे, त्याची भाषा वाचून मी मराठी वाचायला लागले असं म्हटलं तरी चालेल, पण त्याने आपल्या दोन-तीन पिढ्यांना कर्णाच्या बाबतीत आंधळं करून ठेवलं हेही खरंय. महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीला हलक्या शब्दात बोलणारा आणि हिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे, सभापर्वात सरळ लिहिलंय, कर्णप्रेमी मंडळींसमोर काढून बघा विषय, जेवणाच्या पंगतीत भांडण लागेल. (लावलंय मी.)

सर्सी स्वतःची केस लढवत नाही. सिलाला तिनेच राक्षसीण केलं, मत्सरापोटी केलं, आणि त्या सिलाच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाचे सहा-सहा खलाशी मरतात, हे ओझं पहिल्या शंभर पानांत पडतं आणि शेवटपर्यंत उतरत नाही. लेखिकेने ठरवलं असतं तर अगदी सोपं होतं, सिला वाईटच होती म्हणायचं, ती तशी आहेही थोडी. पण नाही. पुढे टेलेमॅकस, ऑडिसियसचा मुलगा, बेटावर येतो. ओडिसीच्या बाविसाव्या सर्गात बापाच्या हुकमावरून घरातल्या बारा दासींना फासावर लटकवणारा तोच. होमर ते दोन-चार ओळींत उरकतो. मिलरचा टेलेमॅकस त्याबद्दल बोलतो, सबबी न सांगता, आणि सर्सी त्याला सिलाबद्दल सांगते. दोन अपराधी माणसं समोरासमोर बसून आपापला हिशेब मांडतात आणि त्यातून पुढचं नातं तयार होतं. कितीतरी लव्हस्टोऱ्या वाचल्या, अशी सुरुवात कुठे बघितली नव्हती.

ऑडिसियस मस्त जमलाय. आधी तो तिच्या बेटावर असताना आपल्यालाही आवडतो, दमलेला, गोष्टीवेल्हाळ, गोड बोलून काम काढून घेणारा. मग बऱ्याच पानांनंतर त्याची बायको पेनेलोपी आणि टेलेमॅकसच्या तोंडून कळतं की घरी परतलेला ऑडिसियस किती संशयी आणि क्रूर झाला होता. आधीचं खोटं ठरत नाही, हेही खरं असतं. महाकाव्याच्या नायकाची अशी दुसरी बाजू दाखवताना लोक एक तर त्याला थेट व्हिलन करतात नाहीतर रडवतात, इथे दोन्ही टाळलंय.

आता खटकलं ते. मधली काही प्रकरणं पाहुण्यांची रांग वाटतात, एक आला, गप्पा मारल्या, गेला, दुसरा आला. हर्मीस तर निव्वळ बाहेरच्या बातम्या सांगायला येतो, बेटावरच्या बाईला जगात काय चाललंय ते कळायला पाहिजे ना म्हणून. जेसन-मीडिया प्रकरण घाईत आटोपलंय, मीडियासारखी बाई दारात आलीये आणि तिला एका रात्रीत वाटेला लावता, हे काही बरोबर नाही. उपमा फार. प्रत्येक पानावर काहीतरी कशासारखं तरी चमकत असतं, पहिल्यांदा छान वाटतं, नंतर नजर त्यावरून घसरत जाते. आणि काही ठिकाणी सर्सी एकदम आजची, थेरपी घेऊन आलेल्या बाईसारखी विचार करते, तेवढ्यापुरतं त्या काळातून बाहेर फेकल्यासारखं होतं.

शेवटाबद्दल बोलणार आहे, नको असेल तर पुढचा पॅरा सोडा.

टेलिगोनी म्हणून एक जुनं ग्रीक महाकाव्य होतं, ते हरवलं, फक्त सारांश उरलाय. त्यात सर्सीचा मुलगा टेलिगोनस न ओळखता बापाला, ऑडिसियसला, मारतो, मग टेलेमॅकसचं लग्न सर्सीशी, टेलिगोनसचं पेनेलोपीशी, आणि सर्सी त्या सगळ्यांना अमर करून टाकते. हो, हे खरंच असं आहे, आपल्या सिरियलवाल्यांना पण सुचणार नाही. मिलरने यातलं बापाचं मरण ठेवलं, टेलेमॅकस ठेवला, पेनेलोपीचं ते लग्न गाळलं, आणि अमरत्वाची दिशाच फिरवली. माणसांना देव करण्याऐवजी देवी माणूस व्हायला निघते. सुरुवातीला तिने ग्लॉकसला देव केलं होतं आणि त्याची काय वाट लागली ते आपण बघितलेलं असतं, त्यामुळे हा शेवट वरून आणून चिकटवलेला वाटत नाही. मूळ कथा बदलायची तर अशी बदलावी, मुळात काय आहे ते नीट माहीत असून.

पालकांसाठी एक सूचना, ही महत्त्वाची. माझा भाचा सातवीत आहे, पर्सी जॅक्सन, ती ग्रीक देवांवरची मुलांची पुस्तकं, सगळी वाचून झालीत, परवा म्हणे मावशी ते सर्सी दे, त्यात पण मिनोटॉर आहे ना. नाही दिलं. बेटावर आलेले खलाशी तिच्यावर अत्याचार करतात तो प्रसंग स्पष्ट आहे, त्यानंतरच ती माणसांना डुकरं करायला लागते, म्हणजे तो गाळून वाचायची सोय नाही. मिनोटॉरच्या जन्माचा प्रसंगही रक्तबंबाळ आहे. अकरावी-बारावीच्या पुढे ठीक. अर्थात पोरं कुठून ना कुठून मिळवतातच.

इंग्रजी अवघड नाही, वाक्यं छोटी आहेत, इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसलेल्यालाही डिक्शनरी फार लागणार नाही. नावांचा गोंधळ मात्र होणारच, शेवटी पात्रांची यादी दिलीये, कोण कुणाचा कोण ते बघायला, तिथे एक बुकमार्क आधीच घालून ठेवा. फक्त त्या यादीत काही पुढच्या गोष्टी फुटतात, तेव्हा पाहिजे तेवढंच नाव बघा आणि परत या. फुटपाथवर मिळणारी स्वस्त कॉपी घेऊ नका, मैत्रिणीने घेतली होती, शाई इतकी फिकट की ट्यूबलाइटखाली सुद्धा दिसत नव्हती. ऑडिओबुक पर्डिटा वीक्सने वाचलंय आणि ते जबरदस्त आहे, साधारण बारा तासांचं, सगळं पुस्तक एकाच बाईच्या तोंडी असल्यामुळे ऐकायला फार सोयीचं पडतं, आणि नावांचे उच्चार आपोआप कळतात हा बोनस. मी निम्मं वाचलं, निम्मं भांडी घासताना ऐकलं.

मिलरचं आधीचं पुस्तक, 'द साँग ऑफ अकिलिस', २०११ चं, ऑरेंज प्राइझ मिळालेलं, ट्रॉयच्या युद्धावर, योद्धा अकिलिसचा जिवलग पॅट्रोक्लस याच्या तोंडून, ते जास्त रडवतं आणि जास्त वेगवान आहे, पण त्यात परत तेच, अकिलिसवर इतका जीव की त्याचं वकीलपत्र घेतलेलं दिसतं. मृत्युंजय ज्यांना मनापासून आवडतं त्यांनी आधी तेच घ्या, लगेच पकडेल. ज्यांना युगान्त जास्त जवळचं वाटतं, इरावतीबाई एकेकाला सोलून काढतात ते वाचून ज्यांना बरं वाटतं, त्यांनी सरळ सर्सी घ्या.

पाचपैकी चार. अर्धा हर्मीससाठी कापला, अर्धा त्या उपमांसाठी.