१ मार्च २०१६ ला बर्नी की हिलरी? मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या मंडळींसाठी

१ मार्च २०१६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे प्रेसिडेंटपदाचा उमेदवार निवडायचं पक्षांतर्गत मतदान, बर्नी सँडर्स विरुद्ध हिलरी क्लिंटन. त्याच्या आदल्या एका रविवारी एकाकडे मिसळीला जमलो होतो, पॉलिटिक्स काढायचं नाही असं ठरवूनसुद्धा निघालंच. तिघं जण नुकतेच सिटिझन झालेले, पहिलंच मत, आणि त्यांना ऐकायला काय मिळालं तर बर्नी म्हणजे स्वप्नं आणि हिलरी म्हणजे हिशोब, झालं, हात धुवा. मला ते एवढं सोपं वाटत नाही म्हणून हा लांबलचक पसारा. आधीच सांगून टाकतो, मी बर्नीकडे झुकलेलोय आणि बायको हिलरीकडे, त्यामुळे दोन्ही बाजू मला रोज जेवताना ऐकाव्याच लागतात.

आधी हेल्थ इन्शुरन्स घेऊ, कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. बर्नी म्हणतो सगळ्यांना मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी हेल्थ इन्शुरन्स), त्यासाठी कंपनीने पगारावर ६.२ टक्के भरायचे आणि घरच्या उत्पन्नावर २.२ टक्के, बदल्यात प्रीमियम आणि उपचाराच्या वेळी खिशातून द्यायचे डिडक्टिबल, कोपे सगळं बंद. हिलरी म्हणते ओबामाकेअर (ओबामाचा २०१० चा हेल्थ इन्शुरन्स कायदा) मुश्किलीने मिळालंय, ते टिकवू, भोकं बुजवू, पुन्हा पहिल्यापासून मारामारी नको. ऐकायला बर्नीचं भारीच वाटतं, पण त्याच्याच व्हरमाँटमध्ये हेच करायला निघाले होते, २०११ मध्ये कायदासुद्धा केला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये गव्हर्नर शमलिन यांनी स्वतःच गुंडाळलं कारण टॅक्सचा आकडा झेपेना. तेवढंसं राज्य, तेही डेमोक्रॅट्सचं! उलट आपल्या इथला २००६ चा गव्हर्नर रॉम्नीच्या काळातला कायदा, आहे त्याच व्यवस्थेला ठिगळं लावून केलेला, तो चालला आणि त्यावरूनच ओबामाकेअर बेतलं. तेही कसंबसं, सिनेटमध्ये अडवणूक मोडायला लागतात तेवढी नेमकी ६० मतं, आणि महिन्याभरात डेमोक्रॅट टेड केनेडींची सीट रिपब्लिकन स्कॉट ब्राउन घेऊन गेला, म्हणजे ते साठावं मत घालवलं कुणी तर आपल्याच राज्याने.

पॉइंट हिलरीला? थांबा जरा. त्याच ओबामाकेअरमध्ये कम्युनिटी हेल्थ सेंटर्ससाठी ११ अब्ज डॉलर घालून घेणारा माणूस बर्नीच होता. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचा मेयर तो १९८१ मध्ये फक्त १० मतांनी झाला आणि आठ वर्षं तिथे बर्फ उचलण्यापासून स्वस्त घरांपर्यंत सगळी कामं केली, त्यात क्रांतीबिंती कुठे नव्हती. आणि एका फटक्यात सगळं बदलायला निघालेली कोण? १९९३ मधली, फर्स्ट लेडी असतानाची हिलरी! तेराशेच्या वर पानांचं हेल्थ बिल, काँग्रेसमध्ये मतदानालासुद्धा न येता पुढच्या वर्षी मेलं. मग १९९७ मध्ये मुलांपुरत्या इन्शुरन्ससाठी तिने जोर लावला आणि ते झालं. ती आज प्रॅक्टिकल प्रॅक्टिकल म्हणते ना, ते पुस्तकातून आलेलं नाही, मार खाऊन आलेलंय, आणि याबद्दल मला तिचा आदर आहे.

मिनिमम वेज बर्नी तासाला १५ डॉलर, हिलरी १२. सरकारी कॉलेज बर्नीकडे सगळ्यांना फुकट, वॉल स्ट्रीटच्या उलाढालीवर टॅक्स लावून. हिलरी म्हणते कर्ज न काढता शिकता येईल असं करू, पण ट्रम्पच्या पोरांची फी मी का भरू. बर्नीवाल्यांचं लॉजिक भाजीबाजारातलं आहे, १२ पासून सुरू केलंस तर १० वर येशील, १५ म्हण. बरोबर आहे, पण त्यासाठी समोर घासाघीस करायला कुणीतरी बसलेलं पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे होती, आणि सुप्रीम कोर्टाचे जज स्कालिया गेल्याला दोन आठवडेही झाले नव्हते तर सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅकॉनेल म्हणाले ओबामाच्या जजची सुनावणीच घेणार नाही. हे लोक १५ देणारे नव्हते तसे १२ पण देणारे नव्हते. बायकोला हे पटत नाही, ती म्हणते १२ साठी दोनचार रिपब्लिकन फुटू शकतात. असो.

म्हणून मी वेगळं बघतो. प्रेसिडेंटला काँग्रेसशिवाय काय करता येतं? परराष्ट्र धोरण, लष्कर, व्हेटो, आणि बँकांवर लक्ष ठेवणाऱ्या खुर्च्यांत कोणाला बसवायचं ते (सिनेटची मंजुरी लागते, पण नाव तोच पुढे करतो). तिथे आदर्शवाद आणि हळूहळू बदल हा वाद थेट कामाला येतो आणि नेमकं त्यावरच कोणी बोलत नाही. इराकवर २००२ मध्ये हिलरीने हो म्हटलं, बर्नीने नाही. लिबियात २०११ मध्ये ओबामाच्या टीममध्ये हस्तक्षेपासाठी आग्रह धरणाऱ्यांत ती होती. वॉल स्ट्रीटवरच्या गोल्डमन सॅक्स बँकेकडे तिची तीन भाषणं, पावणेसात लाख डॉलर. बर्नीकडे सरासरी २७ डॉलरच्या देणग्या. ती विकली गेलीय असं मी म्हणत नाही, पण ट्रेझरीत (अर्थखात्यात) कोण बसेल याचा अंदाज येतोच की. आता उलटी बाजू, जगाबद्दल प्रश्न आला की बर्नी तीन वाक्यांत वॉल स्ट्रीटवर येतो, आणि ती चार वर्षं सेक्रेटरी ऑफ स्टेट होती, ते दिसतं.

बर्नीच्या भक्तांनी दोन गोष्टी गिळायला शिकाव्या. बंदुका: बंदूक घेणाऱ्याची तपासणी सक्तीची करणाऱ्या १९९३ च्या ब्रेडी कायद्याला त्याने विरोध केला, आणि २००५ मध्ये बंदूक कंपन्यांना खटल्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याला हो म्हटलं, तिथे हिलरीचं मत नाही होतं. दुसरी आपल्या जिव्हाळ्याची, एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. २००९ मध्ये रिपब्लिकन सिनेटर ग्रासलीबरोबर त्याने सरकारी मदत घेतलेल्या बँकांवर एच-वन-बी भरतीचे निर्बंध आणले. हिलरी तर सिनेटमध्ये इंडिया कॉकसची, म्हणजे भारताशी संबंध वाढवू पाहणाऱ्या सिनेटरांच्या गटाची, सहअध्यक्ष होती. आपल्यातले अर्धे त्याच व्हिसावर आलेले, त्यामुळे हे टोचतं हे मान्य, पण ज्या कंपन्या माणसं स्वस्तात राबवतात त्यांच्यावर तो चिडतो ते मलाही पटतं.

मत फुकट जाईल ही भीती मात्र काढून टाका. इथे डेलिगेट्स (उमेदवार ठरवणारे पक्षाचे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटतात, १५ टक्क्यांच्या वर गेलं की हिस्सा मिळतो, त्यामुळे हरणाऱ्याचं मतही मोजलं जातं. सुपरडेलिगेट्स, म्हणजे लोकांच्या मतांशी न बांधलेले पक्षाचे पुढारी, २०१६ मध्ये सुमारे ७०० होते आणि बहुतेक हिलरीकडे, ते चीड आणणारंच होतं.

शेवटचं, आणि हे प्लीज नीट वाचा. तुम्ही अनएनरोल्ड (कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेले) असाल तर बूथवर डेमोक्रॅटिक बॅलट मागून घ्यायचा, मत दिल्यावरही तुम्ही अनएनरोल्डच राहता. पण रजिस्टर करताना इंडिपेंडंट समजून युनायटेड इंडिपेंडंट पार्टीवर टिक केलं असेल तर घोळ होता, ती तेव्हा वेगळी पार्टी होती, तुम्हाला तिचाच बॅलट मिळणार होता आणि बदलायची मुदत १० फेब्रुवारी २०१६ लाच गेली. मिसळीला आलेल्यांपैकी एकाचं नेमकं हेच झालंय, आणि सगळ्यात जोरात वाद तोच घालत होता. १ मार्च २०१६ ला बूथ सकाळी ७ ते रात्री ८.