जीएनएम की बीएस्सी नर्सिंग? बारावीनंतर ठरवताना

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतल्या मुली मार्कशीट घेऊन दारात येतात. "मावशी, जीएनएम करू की बीएस्सी?" मी आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, नोकरी करून पैसे साठवले आणि मग पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमवाल्यांसाठीची नर्सिंगची पदवी केली. दोन्ही वाटा चालून झाल्यात, म्हणून लिहिते.

बीएस्सी चार वर्षांचं. त्याला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी लागतं आणि राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जीएनएम तीन वर्षांचं, आणि कला-वाणिज्यच्या मुलींनाही त्याचं दार उघडं आहे. शिकून झालं की नोंदणी दोघींचीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेतच, आरएन-आरएम, म्हणजे नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका म्हणून. राज्य शासनाच्या अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स पदाला दोघी चालतात आणि वेतनश्रेणीही एकच, 35,400 ते 1,12,400. त्यामुळे "जीएनएमला किंमत नाही" असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

फरक पडतो तो पुढे. एम्सची नॉरसेट, म्हणजे केंद्राच्या एम्स रुग्णालयांतली नर्सभरतीची परीक्षा घ्या. मूळ वेतन 44,900, म्हणून सगळ्यांची नजर तिकडेच असते. बीएस्सीवाली नोंदणी झाली की थेट परीक्षेला बसते. जीएनएमवालीला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोही किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला आणि नोंदणीनंतरचा. इथेच मुली फसतात. घराजवळ आहे म्हणून पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये लागतात, दोन वर्षं जीव तोडून राबतात आणि ती वर्षं मोजलीच जात नाहीत. जीएनएम करणार असाल तर निकाल हातात पडताच नोंदणीच्या मागे लागा, आणि पहिली नोकरी धरताना पगाराच्या आधी खाटा विचारा. अनुभवाच्या दाखल्यावर खाटांचा आकडा लिहून घ्या.

एमएस्सी करायचं असेल तर बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक लागतंच. हिशेब सरळ आहे: जीएनएमची तीन आणि पोस्ट बेसिकची दोन मिळून पाच वर्षं, थेट बीएस्सीची चार. पण पाचवाल्या वाटेवर मध्ये थांबून कमावता येतं. माझ्या घराला तेव्हा तेच परवडलं. सैन्यात जायचं असेल तर मात्र बीएस्सीच. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, मुलींसाठी 40 जागा असतात आणि त्यासाठी नीट द्यावी लागते. ब्रिटनमध्ये जीएनएमवालीलाही नोंदणी मिळते. इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही संगणकावरची आणि ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा पार करावी लागते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पदवीच्या नावाआधी कॉलेजला जोडलेलं रुग्णालय बघा. माझ्या वॉर्डात एक नवी मुलगी आली होती. बीएस्सी, मार्क उत्तम. पहिल्याच नाइटला अँटिबायोटिक विरघळवायला तिने ट्रेमधून अँप्युल, म्हणजे औषधाची छोटी कुपी उचलली. डिस्टिल्ड वॉटर समजून उचललेलं ते अँप्युल पोटॅशियम क्लोराइडचं होतं. मी तिचं मनगट धरलं. पोटॅशियम पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं. हे तिला पाठ होतं, पण चार वर्षांत तिच्या हाताखालून खऱ्या रुग्णांची औषधं फारशी गेलीच नव्हती. त्याच रात्री सिव्हिलमध्ये शिकलेली दुसरी मुलगी अँप्युल उचलताना, औषध भरताना आणि रिकामं टाकताना, असं तीनदा लेबल मोठ्याने वाचत होती. तिच्या हाताला ती सवयच लागली होती.

म्हणून प्रवेशाआधी सकाळी ड्यूटी बदलायच्या वेळी त्या रुग्णालयात जाऊन उभ्या राहा. खाटांवर पेशंट आहेत का? विद्यार्थिनी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेताना सिस्टरांसोबत खाटेपाशी जातात का? तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "डिलिव्हरी किती केल्यास? इंट्राकॅथ, सलाइनची शिरेतली नळी, लावतेस का?" ती काय सांगते ते माहितीपुस्तकात सापडायचं नाही.

एक गोष्ट दोघींनाही सांगते. मूळ कागदपत्रं नोकरीच्या ठिकाणी ठेवायला देऊ नका. माझ्या पहिल्या रुग्णालयाने बाँडच्या नावाखाली माझं प्रमाणपत्र अडकवलं आणि सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीला मी रिकाम्या हाताने गेले. ती संधी गेली. आजही आठवलं की घशात आवंढा येतो. साक्षांकित प्रती द्या, मूळ घरी ठेवा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ती तारीखही लिहून ठेवा.

परवा आलेल्या मुलीला सायन्सला 61 टक्के आहेत. वडील रिक्षा चालवतात, पाठची दोन भावंडं शिकतायत. तिला म्हटलं, सीईटी मन लावून दे. सरकारी कॉलेजला नंबर लागला तर डोळे झाकून बीएस्सी घे. नाही लागला तर कर्ज काढून कोणत्याही खासगी बीएस्सीला जाऊ नकोस, सिव्हिलच्या जीएनएमला अर्ज भर. तिच्या आईला ते पटलेलं नाही, "डिग्री ती डिग्री" म्हणतात. सोमवारी सकाळी दोघींना घेऊन मी सिव्हिलमध्ये जाणार आहे.