वायरलेस कीबोर्ड घेताय? आधी डोंगल की ब्लूटूथ ते ठरवा

मी दिवसभर मराठी टायपिंग करतो, भाषांतराचं काम आहे, त्यामुळे कीबोर्ड म्हणजे माझ्यासाठी सुताराचा रंधा. गेल्या सहा-सात वर्षांत तीन प्रकारचे वायरलेस कीबोर्ड वापरून झाले आणि पैसेही बऱ्यापैकी घालवले, म्हणून लिहितोय.

पहिला घेतला तो डोंगलवाला (डोंगल म्हणजे यूएसबीत खुपसायचा तो बारका रिसीव्हर), माऊससोबत कॉम्बोमध्ये मिळतो तो, कंपनीचं नाव नाही घेत. डोंगल लावला की चालू, काही जोडाजोडी नाही, काही नाही. पण महिनाभरात अक्षरं गाळायला लागला, "करणार" टाइप केलं की "कणार". मला वाटलं सेल गेले, नवे घातले, तरी तेच. मग भाच्याने बघितलं आणि म्हणाला मामा, डोंगल त्या निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये आहे आणि शेजारीच हार्डडिस्क लावलीय. यूएसबी ३ चालू असताना जो रेडिओ गोंगाट होतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच असतो आणि डोंगलही तिथेच बोलतो. दीड-दोनशेची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर पुढे आणला, प्रॉब्लेम खलास. वायर नको म्हणून वायरलेस घेतला आणि शेवटी वायरच लावली, असो.

तो गेला कसा तर घर बदलताना डोंगल हरवला. असल्या स्वस्त कॉम्बोचा डोंगल फॅक्टरीतच त्या कीबोर्डशी बांधलेला असतो, दुसरा आणून चालत नाही, त्यामुळे उरलेला कीबोर्ड म्हणजे पोळपाट. लॉजिटेकच्या युनिफाइंग किंवा बोल्टवाल्या डोंगलचं तसं नाही, त्यात एका डोंगलवर सहा वस्तू जोडता येतात आणि डोंगल हरवला तर नवा घेऊन परत जोडता येतो. घेताना हे खोक्यावर बघाच.

मग मोबाइलसाठी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला, त्याचंही नाव नको. दिसायला लय भारी, खिशात मावतो. पण मधे बिजागरी असल्यामुळे बटणांच्या दोन्ही बाजू फाकलेल्या, आणि डेक्कन क्वीनमध्ये मांडीवर ठेवून टायपायला गेलो तर मधनं मोडतो की काय असं वाटत होतं. टेबल असेल तरच घ्या, आणि टेबल असेल तर घडीचा हवाच कशाला?

आता दोन वर्षं लॉजिटेकचा के३८० वापरतोय आणि याच्यावर मी खूश आहे. ब्लूटूथ आहे, वजन ४२३ ग्रॅम, डोंगल लागत नाही आणि एकाच वेळी तीन डिव्हाइस लक्षात ठेवतो. एफ१ वर माझा पीसी, एफ२ वर मोबाइल, एफ३ वर बायकोचा टॅब. पहिल्यांदा जोडताना ते बटण तीन सेकंद दाबून धरायचं, नंतर नुसतं दाबलं की त्या त्या डिव्हाइसवर जातो. व्हॉट्सॲपवर क्लायंटला मोठा मेसेज लिहायचा तर मोबाइल हातात घ्यायचाच नाही, एफ२ दाबायचं आणि लिहायचं! सेल दोन, रिमोटमध्ये असतात तसले बारके, कंपनी दोन वर्षं चालतात म्हणते, माझे अजून पहिलेच आहेत.

आता मराठीवाल्यांसाठी खास. याची बटणं गोल आहेत आणि बाजारात मिळणारे देवनागरी स्टिकर चौकोनी, चारी कोपरे बाहेर येतात आणि आठवड्यात सुटतात. मला इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी बटणांची मांडणी, पाठ आहे (ळ म्हणजे शिफ्ट एन, बोटांना कळतं आता), पण बघून टाइप करणाऱ्यांनी चौकोनी बटणांचाच घ्या. विंडोजला मराठी आधी भाषांमध्ये ॲड करून ठेवायची, मग विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. मोबाइलवर कीबोर्ड जोडला की स्क्रीनवरचा गायब होतो, घाबरू नका, सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्डच्या खाली तो दाखवायचा ऑप्शन असतो.

नंबरपॅड नाही, त्यामुळे टॅली, जीएसटीवाल्यांनी लांबच राहा. आणि रात्री अंधारात काम करणाऱ्यांनो, लाइटही नाही. मोबाइल उभा करून ठेवायचा असेल तर यांचाच के४८० आहे, वरती खाच असते, पण तो ८२० ग्रॅम, म्हणजे जवळपास दुप्पट, बॅगेत जाणवतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही ब्लूटूथ कीबोर्डची. मागच्या महिन्यात विंडोज परत टाकायचं होतं, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या पीसीच्या सेटिंगमध्ये) जायला बटण दाबतोय दाबतोय, काही होईना. ब्लूटूथ बहुतेक पीसीवर विंडोज सुरू झाल्यावरच जागं होतं. शेवटी माळ्यावर चढून जुना वायरवाला उतरवला, धूळ झटकली, लावला आणि पहिल्या दाबाला चालला. आता तो माळ्यावर परत टाकला नाही, टेबलाखालीच ठेवलाय.