‘एजी१३ / एलआर४४ / ३५७’ असे छापलेले बटन सेलचे पाकीट: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

दहा बटन सेलचे हे पाकीट मी घेतले ते मुख्यतः डिजिटल व्हर्नियर कॅलिपरसाठी, म्हणजे जाडी-व्यास बारकाईने मोजून आकडे पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणासाठी. कॅलिपरच्या माहितीपत्रकात एसआर४४ सेल वापरावा असे स्पष्ट लिहिले होते, आणि पाकिटाच्या पाठीवर एजी१३, एलआर४४, ए७६, ३५७, एसआर४४ अशी नावांची ओळ छापून या सर्वांच्या जागी हाच सेल चालतो असे सांगितलेले होते. सेल खाचेत नेमका बसला आणि आकडे स्वच्छ उमटले, त्यामुळे मी निर्धास्त झालो. दोन-अडीच महिन्यांनी पडद्यावरचे आकडे लुकलुकू लागले. दुसरा सेल घातला, त्याचीही तीच गत झाली. कॅलिपरच बिघडला अशी माझी समजूत होऊन तो दुरुस्तीला देण्याची तयारीही झाली होती. तेवढ्यात काढलेला सेल भिंगाखाली धरून पाहिला, तर त्यावर फक्त ‘एलआर४४’ एवढेच कोरलेले होते. पाकिटावरची बाकीची नावे सेलवर कुठेच नव्हती.

या पाकिटाविषयीची माझी मुख्य तक्रार हीच आहे. त्यावरची नावांची यादी सेलच्या मापाविषयी खरे सांगते, पण सेलच्या आत काय आहे याविषयी वाचणाऱ्याची दिशाभूल करते. ११.६ मिलिमीटर व्यास आणि ५.४ मिलिमीटर जाडी हे माप वरील सर्व नावांना सारखेच लागू होते. मात्र आंतरराष्ट्रीय संकेतपद्धतीत पहिले अक्षर रसायन सांगते: ‘एल’ म्हणजे अल्कलाइन, ‘एस’ म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, ‘पी’ म्हणजे झिंक-एअर आणि ‘सी’ म्हणजे लिथियम, त्यापुढचा ‘आर’ केवळ सेल गोल असल्याचे सांगतो. म्हणून एलआर४४ आणि एसआर४४ यांचे घर एकच असले, तरी आत राहणारे वेगळे आहेत. ३५७ हे नाव वस्तुतः सिल्व्हर ऑक्साइड सेलचे आहे, आणि ते अल्कलाइन सेलच्या पाकिटावर छापणे मला अजिबात पटत नाही.

फरक कळायचा असेल तर सेल उतरत असताना त्याच्या व्होल्टेजचे काय होते ते पाहावे. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टच्या आसपास सुरुवात करतो आणि वापराच्या पहिल्या दिवसापासून हळूहळू खाली घसरत जातो. सिल्व्हर ऑक्साइड सेल १.५५ व्होल्टला सुरू होऊन जवळजवळ आयुष्यभर त्याच पातळीवर टिकतो आणि अखेरीस एकदम कोसळतो. माझ्या कॅलिपरसारख्या स्वस्त उपकरणांत व्होल्टेज स्थिर ठेवणारी सोय नसते, त्यामुळे अल्कलाइन सेलमध्ये बरीच शक्ती शिल्लक असतानाच आकडे लुकलुकू लागतात. शिवाय बंद करण्याचे बटण दाबल्यावर अशा अनेक कॅलिपरचा फक्त पडदा विझतो, आतले मंडल चालूच राहते, आणि कॅलिपर पेटीत पडून असला तरी सेल झिजत राहतो. क्षमतेचे छापील आकडेही सरळ तुलनेला घेऊ नयेत, कारण अल्कलाइनची क्षमता बहुधा ०.९ व्होल्टपर्यंत उतरेतो मोजलेली असते आणि सिल्व्हर ऑक्साइडची १.२ व्होल्टपर्यंत. दोन्हींपुढे १५० मिलिअँपिअर-अवर असा सारखाच आकडा दिसला, तरी १.४ व्होल्टच्या खाली न चालणाऱ्या उपकरणाच्या हाती त्यातले किती लागते, हा प्रश्न वेगळा आहे. कॅलिपरमध्ये पुढे सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४४ घातला. त्यानंतर आकडे एकदाही लुकलुकलेले नाहीत.

असे असले तरी या पाकिटावर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. स्वयंपाकघरातला टायमर, किल्लीला अडकवण्याची छोटी विजेरी आणि एक आवाज करणारे खेळणे या तिन्हींमध्ये हे सेल उत्तम चालले. विजेरीचा उजेड हळूहळू मंदावला तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट सेल संपत आल्याची ती सूचनाच ठरते. प्रत्येक सेलला पाकिटात स्वतंत्र कप्पा आहे, ही गोष्टही महत्त्वाची, कारण सुटे सेल एकाच डबीत टाकले की ते एकमेकांना चिकटून आपोआप उतरतात. पाकिटावर मुदतीची तारीख मात्र नाही, आणि ती असायलाच हवी होती.

मनगटी घड्याळात मी या जातीचे सेल घालणार नाही. क्वार्ट्झ घड्याळाला अत्यंत कमी पण वर्षानुवर्षे अखंड वीज लागते, आणि अल्कलाइन सेल संपल्यावर आतच राहिला तर त्यातला क्षार पाझरून यंत्राची खराबी करू शकतो. घड्याळांच्या सेलमध्ये आणखी एक बारकावा आहे. एसआर६२६एसडब्ल्यू, म्हणजेच ३७७, हा साध्या काट्यांच्या घड्याळासाठी असतो. एसआर६२६डब्ल्यू, म्हणजेच ३७६, हा दिवा किंवा गजर असलेल्या, मधूनच जास्त वीज ओढणाऱ्या घड्याळासाठी. दोन्ही सिल्व्हर ऑक्साइडच, पण आतले वीजवाहक द्रावण पहिल्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे असते आणि दुसऱ्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे. घड्याळाच्या पाठीमागचा जुना सेल फेकण्यापूर्वी त्यावरची सगळी अक्षरे, शेवटच्या दोनसकट, उतरवून घ्यावीत.

याच मापाचा तिसरा सेल म्हणजे श्रवणयंत्राचा निळ्या पट्टीचा ६७५. हा झिंक-एअर सेल पट्टी काढल्यावर हवेतला ऑक्सिजन घेऊन सुमारे १.४ व्होल्ट देतो. पट्टी काढून मिनिटभर थांबूनच तो बसवावा. पट्टी पुन्हा चिकटवून त्याचे आयुष्य वाचत नाही. कॅलिपरसाठी तो निरुपयोगी आहे, कारण वापर असो वा नसो, काही आठवडे-महिन्यांत तो कोरडा पडतो. परंतु १९७२ साली आलेल्या ऑलिंपस ओएम-१ सारख्या जुन्या कॅमेऱ्यांना मात्र त्याचा मोठा आधार आहे. त्या कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. पारा विषारी असल्याने ते सेल बाजारातून गेले. अमेरिकेत त्यासंबंधीचा कायदा १९९६ साली झाला. त्या जागी १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला की मापक चुकीचे सांगतो, आणि सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते. त्यापेक्षा बाहेरून कडे बसवलेला ६७५ कितीतरी विश्वासाचा. अशा कॅमेऱ्यावर प्रेम करणाऱ्याने दर हंगामात सेल बदलण्याचा त्रास आनंदाने घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

लिथियमच्या बाबतीत नुसत्या मापावर विसंबणे अधिकच धोक्याचे आहे. एलआर९२७ आणि सीआर९२७ दोन्ही ९.५ मिलिमीटर व्यासाचे आणि २.७ मिलिमीटर जाडीचे असतात, पण पहिला १.५ व्होल्टचा आणि दुसरा ३ व्होल्टचा. सीआर२०३२ च्या जागी तसाच दिसणारा, पुन्हा भारित होणारा एलआयआर२०३२ घातला, तर पूर्ण भरलेल्या अवस्थेत तो ४.२ व्होल्ट देतो आणि ३ व्होल्टसाठी बनवलेले उपकरण निकामी होऊ शकते. रसायन बदलूनही योग्य ठरणारी एक अदलाबदल मात्र आहे: जिथे दोन एसआर४४ एकावर एक बसतात, तिथे पुष्कळ कॅमेऱ्यांत १०.८ मिलिमीटर उंचीचा एकच ३ व्होल्टचा सीआर१/३एन चालतो, कारण तिथे उंची आणि व्होल्टेज दोन्ही जुळतात.

घरात लहान मूल असेल तर या पाकिटाचे आणखी एक न्यून सांगितलेच पाहिजे. ते नुसत्या बोटांनी, कात्रीशिवाय उघडते. गिळलेला बटन सेल, विशेषतः २० मिलिमीटरचा लिथियम सेल, अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो, आणि मूल सुरुवातीला ठणठणीतही दिसू शकते. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. संपलेले सेलही मी आता दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून बंद डब्यात, उंच फळीवर ठेवतो आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात देतो.

पाकिटातले चार सेल अजून शिल्लक आहेत. पाठीवरच्या यादीतली एसआर४४ आणि ३५७ ही दोन नावे मी शाईने खोडली आहेत आणि पाकीट टायमरजवळच्या खणात ठेवले आहे. ते संपल्यावर टायमरसाठी हेच पाकीट पुन्हा घेईन, कॅलिपरसाठी घेणार नाही.