सातव्यात घर हलवलं, बाळंतपण कोल्हापुरात केलं: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

लेकीला पुढच्या आठवड्यात नऊ महिने पूर्ण होतायत. गोवर-रुबेलाच्या डोससाठी तिचं कार्ड शोधत होते, तर हाताला माझी पुण्याची फाईल लागली. गेल्या वर्षी जूनमध्ये ती फाईल मांडीवर घेऊन मी रोज रात्री रडकुंडीला यायचे. तेव्हा कुणीतरी सगळं खुलासेवार सांगावं असं वाटायचं, म्हणून लिहितेय.

पुण्यात दुसऱ्या महिन्यातच एका मॅटर्निटी होममध्ये नाव घातलं होतं. डॉक्टर चांगल्या, घरापासून चालत दहा मिनिटं. मग नवऱ्याला गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि मे अखेरीस, मला तिसावा आठवडा चालू असताना, आम्ही कोल्हापूरच्या आर. के. नगरला भाड्यानं राहायला आलो. सासूबाई म्हणाल्या, सातवा लागल्यावर घर बदलू नये. कंपनीनं रुजू व्हायची तारीख दिली होती, मुहूर्त दिला नव्हता. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाय मोकळे करत आलो. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या खड्ड्यांबद्दल न बोललेलंच बरं.

पर्याय तीन. पहिला म्हणजे शेवटच्या महिन्यात परत पुण्याला जाऊन नणंदेकडे राहायचं. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आणि नवरा इकडे, म्हणून तो लगेच बाद. दुसरा, माहेर म्हणजे पेठ वडगाव. तिसरा, कोल्हापुरातच नवा दवाखाना शोधायचा, जिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं.

आईचं एकच पालुपद. "पहिलं बाळंतपण हाय, माहेरातच व्हायला पायजे." मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. आडवे आले ते अण्णा, माझे वडील. बाळंतपणाची तारीख होती २ ऑगस्ट. ते म्हणाले, "जुलैत कळा सुरू झाल्या, कायतरी अडलं आणि शिरोलीला पाणी आलं, तर हिला कुठनं न्यायचं? होडीतनं?" २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला त्यांनी पाहिलाय. वडगावच्या एका अंगाला पंचगंगा, दुसऱ्या अंगाला वारणा. वडगावात साधं बाळंतपण आरामात होतं, माझ्या दोन वहिन्यांचं झालंय. पण माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. रक्त लागलं किंवा बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर कोल्हापूरच गाठायचं, आणि मधे नदी. त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न एवढाच उरला की नवव्या महिन्यात मी नदीच्या कुठल्या बाजूला असणार. डॉक्टरची कीर्ती, खोलीतला एसी, बिल हे सगळं त्याच्यानंतर.

आता फाईलीचं रामायण. घर बदलणाऱ्या प्रत्येकीनं हे वाचाच. आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन देतात, बाळाच्या रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून. मला ते पुण्यात दिलं होतं. निघताना तिथून जो सारांश मिळाला, त्यात सोनोग्राफ्या, साखर, हिमोग्लोबिन सगळं होतं, इंजेक्शनचा मात्र उल्लेखच नव्हता. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर अँटीबॉडीची चाचणी किंचित पॉझिटिव्ह आली. म्हणजे एकतर बाळाच्या रक्ताविरुद्ध माझ्या शरीरात काहीतरी सुरू झालंय, नाहीतर इंजेक्शनचाच अंश दिसतोय. डॉक्टरांनी विचारलं, "इंजेक्शन कुठल्या तारखेला घेतलं?" मला तारीख आठवेना. पुण्याला फोन, रिसेप्शन, "मॅडम ओपीडीत आहेत", पुन्हा फोन. दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी तिथल्या सिस्टरनं रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, त्यात तारीख, बॅच नंबर सगळं होतं. जीव भांड्यात पडला. तेव्हा नुसत्या सारांशावर विसंबू नका. इंजेक्शनच्या तारखा समोर बसून लिहून घ्या आणि पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी जपून ठेवा. इथल्या नव्या सोनोग्राफीत तारीख नऊ दिवस पुढे दाखवली होती, डॉक्टरांनी पहिल्या सोनोग्राफीचीच धरली.

दवाखाने आम्ही तीन पाहिले. त्यातलं एक सीपीआर, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. बाळंतपण, सिझर, औषधं सगळं मोफत. कामवाल्या मावशींच्या सुनेचं तिथंच झालं आणि त्या अजून कौतुक सांगतात. मला गर्दीची धास्ती वाटली, हा माझा दोष. बाकी दोन्हीकडे मी तेच ते विचारलं. रात्री दोनला आले तर तुम्ही स्वतः येणार का, भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, बाळाचा आयसीयू इथंच आहे की ॲम्ब्युलन्सनं हलवणार, निगेटिव्ह रक्त कुठून आणता. एका ठिकाणी डॉक्टर हसून म्हणाले, "एवढं टेन्शन घेऊ नका हो." तिथं पुन्हा गेले नाही. दुसरीकडच्या बाईंनी पुढ्यात कागद ओढून उत्तरं लिहूनच दिली आणि वर सांगितलं, "ओ निगेटिव्ह देणारी दोन माणसं तुम्हीही हेरून ठेवा." बत्तिसाव्या आठवड्यात तिथं नाव घातलं. घरापासून चार किलोमीटर.

जुलै लागला तसं अण्णांचं रोज सकाळी व्हॉट्सॲप. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी इतके फूट, इतके इंच. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे मला या बाळंतपणात पाठ झालं. तारखेच्या दहा दिवस आधी, रात्री दीड वाजता माझ्या अंगावरून पाणी गेलं. बाहेर पाऊस असा की वायपर चालू असून काच दिसेना. एसएससी बोर्डाजवळ एक रिक्षा सोडली तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंधरा मिनिटांत पोचलो. अण्णांचा मेसेज आला, "३७ फूट २ इंच. गाड्या चालू हायत. निघतोय." सकाळी सातच्या सुमारास लेक झाली, नॉर्मल, पावणेतीन किलो.

म्हणजे हायवे बंद झालाच नाही. आई अजून ऐकवते, वडगावात काय अडलं असतं? काहीच नाही, खरंय. पण त्या रात्री गाडीत मला पाण्याचा विचार करावा लागला नाही, माझ्या दृष्टीनं तेवढ्याचे पैसे वसूल.

आता खटकलेलं. बाळाचा गट बी पॉझिटिव्ह निघाला, म्हणजे मला ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डी. एवढी सगळी प्रश्नोत्तरं केलेल्या दवाखान्यात ते इंजेक्शनच शिल्लक नव्हतं! माझा गट त्यांना दीड महिना आधी माहीत होता. नवरा पावसात तीन मेडिकल फिरला. इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, म्हणून आमच्या शेजारणीचा थर्मास बर्फ घालून नेला होता. रात्रपाळीच्या सिस्टर अंगावर पाजायला शिकवण्याऐवजी डब्याच्या दुधाकडे बोट दाखवायच्या. ते आईनं आल्यावर निस्तरलं. तिसऱ्या दिवशी बाळाला कावीळ दिसली, चोवीस तास निळ्या दिव्याखाली ठेवलं, तेव्हा मात्र बालरोगतज्ज्ञ त्याच इमारतीत होते. आणि विमा? नवऱ्याच्या नव्या कंपनीच्या पॉलिसीत माझं नाव चढायला दीड महिना गेला, कॅशलेस मिळालं नाही. आधी खिशातून भरले, मग मागितले, चार महिन्यांनी मिळाले.

माहेर चुकलं त्याचं काय केलं, तर आईच सव्वा महिना आर. के. नगरला येऊन राहिली. अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाळंतशोपा, शेक-शेगडी सगळं भाड्याच्या टू बीएचकेत. धुरीनं घरमालकांनी दोनदा बेल वाजवली. तिचा जीव मात्र वडगावातल्या म्हशीत अडकलेला, रोज संध्याकाळी फोनवर आधी तिची चौकशी. बारसं वडगावात केलं, तेव्हा कुठं तिची कळी खुलली.

एक राहिलं. जन्माची नोंद आपण राहतो तिथं होत नाही, बाळ जन्मतं तिथल्या कार्यालयात होते, आणि ती २१ दिवसांत व्हायला लागते. दवाखान्यानं ती वेळेत पाठवली. फक्त पत्ता माझ्या आधारवरून उचलला, आणि आधारवर अजून पुणंच होतं. मीही फॉर्म न वाचता सही ठोकली. दाखला हातात आल्यावर अण्णा म्हणाले, "आजोळ वडगाव, जन्म कोल्हापूर, पत्ता पुण्याचा. पोरगी निवडणुकीला उभी राहणार बघ." दुरुस्तीचा अर्ज भरून ठेवलाय, भाडेकराराची झेरॉक्स तेवढी अजून सामानाच्या बॉक्सातनं सापडलेली नाही.