कादंबरीवरचा दीर्घोत्तरी प्रश्न: व्यक्तिरेखा घ्यावी, आशय घ्यावा की निवेदन?

एम.ए. मराठीचा पेपर असो किंवा यूपीएससी मुख्य परीक्षेतला मराठी साहित्याचा वैकल्पिक विषय असो, कादंबरीवर फिरून फिरून तीनच तऱ्हेचे प्रश्न येतात. अमुक पात्राचं व्यक्तिचित्रण, अमुक कादंबरीतली सामाजिक जाणीव म्हणजे आशय, आणि निवेदनपद्धती (गोष्ट कोण आणि कशी सांगतं) व भाषाशैली. निवडीची मुभा असली की बहुतेक विद्यार्थी पहिला प्रश्न घेतात, नाइलाज झाला तर दुसरा. तिसऱ्याच्या वाटेला फारसं कोणी जात नाही. हा क्रम मला पटत नाही. का, ते ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' आणि भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' समोर ठेवून सांगते.

व्यक्तिरेखेचा प्रश्न सोपा वाटतो, कारण पात्र आठवतं. पण पात्रापाठोपाठ त्याची गोष्टही आठवते आणि तिथेच उत्तर घसरतं. 'पण लक्षात कोण घेतो'ची नायिका यमू हिच्यावर लिहायला बसलेला विद्यार्थी बालपणापासून सुरुवात करतो, मग लग्न, मुंबईतला संसार, वैधव्य, केशवपन असं करत पानं भरतो आणि शेवटच्या चार ओळींत 'अशा प्रकारे यमू ही सोशीक, प्रेमळ स्त्री आहे' असं लिहून मोकळा होतो. परीक्षकाने कादंबरी वाचलेली असते. कथानक त्याला नको असतं, आणि 'सोशीक' हे विशेषण तर त्या काळातल्या निम्म्या नायिकांना लागू पडेल.

हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरता येतो. ही कादंबरी यमूने स्वतः सांगितलेली हकिकत आहे. म्हणजे तिच्यात दोन यमू आहेत: भोगून झाल्यावर लिहिणारी, आणि पुढचं काहीच ठाऊक नसलेली लहान यमू. 'लिहिणाऱ्या यमूला जे माहीत आहे ते लहान यमूला माहीत नाही, आणि वाचकाची कळवळ या अंतरातून निर्माण होते' या विधानाने उत्तर सुरू करा. मग बालपण, मुंबई आणि वैधव्य हे टप्पे त्या विधानाचे पुरावे म्हणून येतात आणि आपोआप आटोपशीर होतात. मात्र हे करताना तुम्ही निवेदनाच्या प्रश्नात शिरलेले असता. चांगलं व्यक्तिचित्रण तिथूनच जातं, असा माझा अनुभव आहे.

आशयाच्या प्रश्नाचा धोका निराळा. तिथे कादंबरीच गायब होते. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, १८९१ चा संमतिवयाचा (शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय वाढवणारा) कायदा, मग सुधारकांची नामावळी, असा सामाजिक इतिहासाचा निबंध तयार होतो. त्यात यमूचं नाव दोनदा येतं. माहिती चुकीची नसते, पण ती इतिहासाच्या पेपरात गुण मिळवून देईल. सनावळी वापरायचीच तर तिला कादंबरीतल्या एका गोष्टीशी बांधा. आपट्यांनी ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या आपल्या साप्ताहिकात क्रमशः छापली. बाहेर संमतिवयाचा वाद पेटलेला असताना घरोघरी एका मुलीच्या तोंडून घरातलीच हकिकत हप्त्याहप्त्याने पोचत होती. युक्तिवाद न करता ती युक्तिवादाचं काम कसं करते, हे दाखवलंत तर सनाला अर्थ येतो. नाहीतर तो सन खोडून टाका.

काही कादंबऱ्यांना मात्र आशयाचाच प्रश्न शोभतो. यूपीएससीच्या अभ्यासक्रमातली श्री. व्यं. केतकर यांची 'ब्राह्मणकन्या' घ्या. ज्ञानकोशकार केतकर समाजशास्त्रज्ञ होते आणि त्यांची पात्रं जात, विवाह, वारसा यांवर पानंच्या पानं चर्चा करतात. तिथे चर्चा हाच कादंबरीचा ऐवज आहे. 'या चर्चांनी कादंबरी समृद्ध होते की त्यांच्या ओझ्याखाली दबते?' असा प्रश्न स्वतःच उभा करा आणि एक बाजू घ्या. मी 'समृद्ध होते' ही बाजू घेईन, आणि तीही नायिका कालिंदीच्या आधाराने. तिच्या जन्माचा प्रश्न सोडवायला जुनं शास्त्र अपुरं पडतं, म्हणून कादंबरीला नव्या शास्त्राची चर्चा करावी लागते. तुम्ही उलट बाजू घेतलीत तरी चालेल, फक्त दोन्हीकडे पाय ठेवून उभे राहू नका.

आता निवेदन आणि भाषा. याची धास्ती वाटते, कारण गाइडांमध्ये त्यावर पाव पान असतं: 'भाषा ओघवती, बोलीचा सुरेख वापर, प्रसंगानुरूप शैली.' हे वाक्य कुठल्याही कादंबरीला चिकटवता येतं, म्हणून त्याला किंमत नाही. पण मूळ पुस्तक वाचलं असेल तर याच प्रश्नात कमी ओळींत जास्त दाखवता येतं.

'कोसला'त 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द वारंवार येतात, हे सगळेच लिहितात. इथे थांबू नका. 'उदाहरणार्थ' कुठे येतो ते बघा. कादंबरीचा नायक आणि निवेदक पांडुरंग सांगवीकर स्वतःचं वय सांगतानासुद्धा तो वापरतो. वय हे कशाचंच उदाहरण नसतं. स्वतःबद्दलचं साधं विधानही ठामपणे करायचं नाही, आपलं आयुष्य हा कुठल्या तरी अज्ञात नियमाचा एक नमुना आहे, अशी त्याची वृत्ती त्या एका शब्दात पकडता येते. मग या वापरासमोर मनीच्या मृत्यूचा भाग ठेवा. तिथे हा बेफिकीर सूर टिकत नाही. धाकट्या बहिणीचं दुःख 'वगैरे'मध्ये मावत नाही. एवढी एक तुलना नीट मांडली की नायकाचं परकेपण आणि त्या परकेपणाची मर्यादा, दोन्ही हाती लागतात. रोजनिशीचा भाग, इतिहासलेखनाचं विडंबन हे त्यानंतर जोडपुरावे म्हणून दोन-दोन ओळींत आले तरी पुरे.

या प्रश्नाची अट एकच, आणि ती कडक आहे: शब्द अचूक आठवायला हवेत. केवळ नोट्स वाचलेल्यांनी इकडे वळू नये. उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीतल्या वऱ्हाडी संवादांवर लिहायचं आणि एकही संवाद आठवत नाही, अशी वेळ आली तर व्यक्तिरेखाच घ्या. तिची नायिका कौतिक हिच्यावर तीन प्रसंग धरून लिहिलेलं उत्तर त्यापेक्षा नक्की चांगलं होईल.

म्हणून निवड करताना 'मला कोणता विषय येतो?' असं विचारू नका. उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर प्रत्येक पर्यायासाठी आठवणारे प्रसंग किंवा शब्दप्रयोग पेन्सिलीने टिपा. तीन आले तर प्रश्न घ्यावा, एकच आला तर सोडावा.

यूपीएससी देणाऱ्यांना आणखी एक हिशेब करावा लागतो. पेपर २५० गुणांचा, वेळ तीन तास, म्हणजे २० गुणांच्या उत्तराला जेमतेम १४ मिनिटं आणि १५ गुणांच्या उत्तराला ११. पहिला आणि पाचवा प्रश्न अनिवार्य, उरलेल्यांतून तीन, त्यातही प्रत्येक खंडातला किमान एक. सुटा उपप्रश्न निवडता येत नाही, सगळा गठ्ठाच घ्यावा लागतो. अशा वेळी २० गुणांचा भाग कशावर आहे ते आधी बघा. तो निवेदनावर असेल आणि तुमच्याकडे तीन शब्दप्रयोग असतील, तर त्याच गठ्ठ्यातला १५ गुणांचा एखादा भाग कच्चा असला तरी तो गठ्ठा घ्या. कच्च्या भागाला ११ मिनिटांऐवजी ८ द्या आणि वाचलेली ३ मिनिटं निवेदनाच्या उत्तरात दुसरं उदाहरण उलगडायला वापरा.